चित्राचा भाव कोण ठरवतं?

१९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेलं. रुपयांत सांगायचं तर सुमारे ११८ कोटी. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर एवढी रक्कम कधीच मिळाली नव्हती. लिलावसंस्थेचा आधीचा अंदाज २५ ते ३५ लाख डॉलरचा होता. प्रत्यक्ष किंमत त्याच्या चौपट-पाचपट वर गेली.

चित्र १९५४ सालचं. लांबी जवळपास १४ फूट, आणि तेरा चौकटींत खेड्यातलं जगणं: रांधणाऱ्या, लेकरं सांभाळणाऱ्या, गाडीत बसलेल्या बाया, आणि एका शेतकऱ्याचा चौकटीबाहेर पसरलेला हात. युक्रेनमध्ये जन्मलेले डॉक्टर लिऑन एलियास वोलोदार्स्की तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत होते. त्यांनी ते १,४०० रुपयांना विकत घेतलं आणि १९६४ मध्ये ऑस्लोच्या इस्पितळाला दिलं. तिथल्या भिंतीवर ते कित्येक दशकं टांगलेलं होतं आणि कलाजगताच्या खिजगणतीतही नव्हतं. लिलावाचे पैसे त्या इस्पितळाकडे, डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी गेले. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकाराच्या वाट्याला आले ते १९५४ चे १,४०० रुपये.

एकाच चित्राच्या या दोन किमतींमधलं अंतर कशाने भरलं? चित्र तेच, रंगही तेच. प्रस्थापित चौकट मोडणाऱ्या चित्रकारांची कला आधी नाकारली जाते आणि पुढे कोटींत विकली जाते, हे रशियात घडलं आणि महाराष्ट्रातही. विदर्भाचा तर या गोष्टीत थेट वाटा आहे. तरीही यवतमाळ-अमरावतीकडे या भावांची चर्चा वर्तमानपत्रातल्या चौकटीपलीकडे जात नाही. म्हणून हा सगळा प्रश्न एकत्र मांडायचा हा प्रयत्न.

बंडाची सुरुवात

१९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. संस्थापक सहा: फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, सदानंद बाकरे आणि हरि अंबादास गाडे. सूझा गोव्यातल्या साळगावचे. चले जाव आंदोलनातल्या सहभागामुळे जे. जे. स्कूलमधून काढलेले. हुसेन सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरत होते. रझा मध्य प्रदेशातल्या मंडला भागातले, पण त्यांचं पहिलं रीतसर शिक्षण नागपूरच्या कलाशाळेत, बापूराव आठवले यांच्या हाताखाली झालं. आणि गाडे आपल्या अगदी शेजारचे. यवतमाळ जिल्ह्याची हद्द ओलांडून धामणगावकडे गेलं की शंकरपटासाठी विदर्भभर नाव असलेलं तळेगाव दशासर लागतं. १९१७ मध्ये गाडे तिथे जन्मले. आधी विज्ञान शिकले, मग चित्रकलेकडे वळले. थोड्याच काळात या गोतावळ्यात वासुदेव गायतोंडे आले. घराणं गोव्याचं, जन्म १९२४ चा, नागपूरचा.

म्हणजे या सात जणांपैकी तिघांची वाट नागपूर-वऱ्हाडातून गेलेली. हे आपण अभिमानाने सांगायला हवं होतं. सांगत नाही, कारण ठाऊकच नसतं.

या मंडळींचं बंड दोन आघाड्यांवर होतं. एकीकडे जे. जे. मधली ब्रिटिश वळणाची हुबेहूब चित्रणाची शिस्त, दुसरीकडे पुराणकथांमध्ये रमणारं बंगाली पुनरुज्जीवन. दोन्ही नाकारून त्यांनी स्वतःची भाषा शोधली. ७ जुलै १९४९ रोजी बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात गटाचं पहिलं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला मुल्कराज आनंद होते. गटाला सुरुवातीला आधार दिला तो युरोपातल्या छळापासून निसटून मुंबईत आलेल्या रुडी फॉन लायडन, वॉल्टर लांगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेझिंगर यांनी. स्थानिक श्रीमंतांच्या दिवाणखान्यात या चित्रांना अजून जागा नव्हती. पोलीस मात्र लगेच आले. १९४९ मध्ये सूझांच्या चित्रांवर अश्लीलतेचा आरोप झाला, १९५४ मध्ये चित्रकार अकबर पदमसींवर खटला झाला. पदमसी निर्दोष सुटले. सूझा लंडनला गेले, रझा पॅरिसला, आणि १९५६ पर्यंत गट विसर्जित झाला.

मॉस्कोत काय झालं

रशियातलं बंड अधिक जीवघेणं होतं, कारण समोर अख्खी राजसत्ता होती. चित्रकार संघाचं सदस्यत्व नसेल तर प्रदर्शन नाही, रंगसाहित्य नाही, विक्री नाही. १९६२ मध्ये मानेझच्या प्रदर्शनात ख्रुश्चेव्ह आधुनिक चित्रांवर भडकले आणि त्यानंतर दारं आणखी घट्ट लागली. १५ सप्टेंबर १९७४ रोजी ऑस्कर राबिन आणि त्यांच्या साथीदारांनी मॉस्कोच्या बेल्यायेवो भागातल्या मोकळ्या माळावर चित्रं मांडली, तेव्हा सरकारने बुलडोझर आणि पाण्याचे फवारे मारणाऱ्या गाड्या पाठवल्या. 'बुलडोझर प्रदर्शन' या नावानेच ते इतिहासात राहिलं.

या कलेला अधिकृत भाव नव्हता, कारण अधिकृत बाजारच नव्हता. परदेशी राजदूत, पत्रकार आणि काही वेडे संग्राहक चित्रं घेत. नॉर्टन डॉज या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने हजारो चित्रं जमवून ती पुढे न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संग्रहालयाला दिली. मग ७ जुलै १९८८ रोजी, गोर्बाचोव्ह यांच्या काळात, सदबीजने मॉस्कोत लिलाव केला. ग्रिशा ब्रुस्किन यांचं 'मूलभूत शब्दकोश' २ लाख ४२ हजार पौंडांना गेलं. कालपर्यंत अडगळीत लपवलेलं चित्र एका संध्याकाळीत परकीय चलनात मोजलं गेलं. पुढे तेलाच्या पैशाने श्रीमंत झालेले रशियन आपल्याच देशाची नाकारलेली कला परत विकत घेऊ लागले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये इल्या काबाकोव्ह यांचं 'बीटल' लंडनमध्ये सुमारे २९ लाख पौंडांना विकलं गेलं.

त्याच वर्षी जगभर मंदी आली आणि भाव कोसळले. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर मोठ्या लिलावसंस्थांनी लंडनमधले रशियन कलेचे खास लिलावच थांबवले. कालच्या आणि आजच्या चित्रात एका रेषेचाही फरक पडला नव्हता. फरक पडला तो खरेदीदारांत, निर्बंधांत आणि राजकारणात. मूठभर श्रीमंतांच्या भरवशावर उभा राहिलेला बाजार असा एका रात्रीत बसतो.

आपल्याकडची चढण

भारतात बाजाराची सुरुवात अगदी बेताची होती. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इमारतीसाठी या तरुणांची चित्रं घेतली, तीही चोखंदळपणे. १९५६ मध्ये एअर इंडियाने एका अनोळखी तरुणीची सहा चित्रं प्रत्येकी ८७ रुपये ५० पैशांना घेतली आणि तिथून विमान कंपनीचा पुढे गाजलेला संग्रह सुरू झाला. ती तरुणी म्हणजे बी. प्रभा. जन्म नागपूर जिल्ह्यातल्या बेला गावचा, शिक्षण आधी नागपुरात आणि मग जे. जे. मध्ये.

डॉजसारखाच एक अमेरिकी संग्राहक आपल्यालाही लाभला. चामड्याच्या पर्सचा व्यवसाय करणारे चेस्टर हर्विट्झ आणि त्यांच्या पत्नी डेव्हिडा यांनी हुसेन आणि त्यांच्या समकालीनांची चित्रं शेकड्यांनी जमवली. त्यातली काही १९९५ पासून सदबीजने न्यूयॉर्कमध्ये लिलावात काढली आणि परदेशात भारतीय आधुनिक कलेला पहिल्यांदा जाहीर भाव मिळाला. उरलेला मोठा संग्रह सेलमच्या पीबडी एसेक्स संग्रहालयात गेला. २००० मध्ये मुंबईत सॅफ्रनआर्ट सुरू झालं आणि इंटरनेटवरून बोली लावणं शक्य झालं.

त्यानंतरचे टप्पे पाहण्यासारखे आहेत. २००२ मध्ये तय्यब मेहतांचं 'सेलिब्रेशन' ३ लाख १७ हजार ५०० डॉलरला गेलं. २००५ मध्ये त्यांच्याच 'महिषासुर'ने दहा लाख डॉलरची वेस ओलांडून १५.८ लाख गाठले. २०१० मध्ये रझांचं 'सौराष्ट्र' सुमारे १६.४ कोटी रुपयांना गेलं. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतल्या पहिल्याच लिलावात गायतोंडेंच्या चित्राला २३.७ कोटी मिळाले आणि दोन वर्षांनी त्यांच्याच दुसऱ्या चित्राला २९.३ कोटी. ऑगस्ट २०२३ मध्ये रझांचं 'जेस्टेशन' ५१.७५ कोटींवर पोचलं. काहीच दिवसांत अमृता शेरगिल यांचं 'द स्टोरी टेलर' ६१.८ कोटींना गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये गायतोंडेंचं १९७० चं चित्र ६७.०८ कोटींना विकलं गेलं.

यादी वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली, छापून येणाऱ्या रकमेत लिलावसंस्थेचा प्रीमियम मिसळलेला असतो. 'जेस्टेशन'ची हातोड्याखालची बोली ४५ कोटींची होती. वरचे पावणेसात कोटी हा १५ टक्के प्रीमियम. दुसरी, रुपया घसरला की विक्रम आपोआप फुगतो. सूझांचं 'बर्थ' २००८ मध्ये सुमारे २५ लाख डॉलरला आणि २०१५ मध्ये सुमारे ४१ लाख डॉलरला गेलं. डॉलरमध्ये ही वाढ दीडपटीच्या थोडी वर आहे; रुपयांत मोजली की तीच अडीचपट दिसते.

भाव बनतो कसा

गायतोंडेंचं चित्र जवळून पाहिलं तर त्यात घोड्यासारखी, माणसासारखी ओळखीची आकृती नसते. रोलरने दिलेला एक पातळ थर, तो थोडा वाळल्यावर दुसरा. मध्येच कागदाचे कातरलेले तुकडे दाबून उमटवलेले ठसे, पॅलेट नाइफने खरवडून खालचा रंग वर आणणं. वरवर एकसुरी वाटणाऱ्या पिवळ्या किंवा राखाडी पृष्ठभागातून प्रकाश हळूहळू वर येतो. दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या एका खोलीत राहणारा हा माणूस वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचा. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षं तर कामच थांबलं. बाजारात माल कमी, हे त्यांच्या भावाचं एक कारण. पण २००१ मध्ये ते गेले तेव्हा त्यांची आठवण मोजक्या वर्तुळातच उरली होती. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. मराठीत 'चिन्ह' या कलाविषयक नियतकालिकाच्या सतीश नाईकांनी 'गायतोंडे' हा जाडजूड ग्रंथ काढला. चित्रं शोधली गेली, त्यांच्या तारखा लागल्या, कोणाकडून कोणाकडे गेली याची नोंद झाली. भाव या कागदांवर उभा राहिला.

लिलावात चित्राइतकीच त्याची वंशावळ विकली जाते: कोणी, कधी, कोणाकडून घेतलं, कुठे दाखवलं, कुठल्या पुस्तकात छापलं. 'ग्रामयात्रा'ची वंशावळ चित्रकाराच्या हातापासून इस्पितळाच्या भिंतीपर्यंत अखंड होती. वंशावळ नसेल तिथे बनावट चित्रं शिरतात. २००९ मध्ये दिल्लीतल्या एका दालनात रझांच्या सुरुवातीच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. ऐंशी ओलांडलेले रझा स्वतः तिथे गेले आणि बहुतेक चित्रं आपली नाहीतच, हे त्यांना पाहताक्षणी कळलं. प्रदर्शन बंद करावं लागलं. चित्रकार हयात होता म्हणून खोटेपणा उघड झाला. गायतोंडे, सूझा, गाडे आता सांगायला येणार नाहीत.

चित्राकडे निव्वळ गुंतवणूक म्हणून पाहण्याचा प्रयोगही झाला. तेजीच्या काळात कलानिधी निघाले, लोकांनी त्यात लाखांनी पैसे घातले. २००८ च्या सुरुवातीला सेबीने अशा निधींना सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम लागू होतात असं बजावलं, आणि त्याच वर्षी मंदी आली. मुदत संपल्यावर अनेकांचे पैसे अडकले. चित्र हा शेअर नाही. मंदीत ते हवं तेव्हा विकता येत नाही आणि त्याला रोजचा भाव नसतो.

नाफेड आणि पंचवीस हुसेन

शेतकऱ्यांच्या जिल्ह्याने तर नक्की लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट या बाजारात घडली आहे. २००४ च्या सुमारास मुंबईतल्या एका उद्योगपतीने हुसेन यांच्याशी शंभर कोटींत शंभर चित्रांचा करार जाहीर केला. देशभर गाजावाजा झाला. त्यातली पंचवीस चित्रं त्याच्याकडे आली. याच उद्योगसमूहाने नाफेडकडून २३६ कोटींचं कर्ज घेतलं होतं आणि त्यातल्या सुमारे दीडशे कोटींचा गैरवापर झाल्याचा आरोप सीबीआयने ठेवला. वसुलीसाठी ती पंचवीस चित्रं अडकली आणि जवळपास दोन दशकं कोणाच्या नजरेला पडली नाहीत. अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या परवानगीने १२ जून २०२५ रोजी पोलीस बंदोबस्तात पंडोल्स या लिलावसंस्थेने त्यांचा लिलाव केला.

नाफेड म्हणजे आपल्याकडे तूर, हरभरा, सोयाबीन हमीभावाने घेणारी यंत्रणा. वणी, दारव्हा, उमरखेडच्या केंद्रांवर शेतकरी आपल्या पोत्यांचा नंबर लागायची वाट पाहत असतो. शेतमालासाठी उभारलेल्या संस्थेचा पैसा एका उद्योगसमूहाकडे गेला आणि वसुलीला हुसेन यांची चित्रं निघाली. चित्र म्हणजे सोन्यासारखं तारण असं मानणाऱ्यांनी ही वीस वर्षं मोजावीत.

आणि त्याच हुसेन यांना २००६ मध्ये देश सोडावा लागला, २०११ मध्ये लंडनला परक्या मातीत देह ठेवावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांची दोन चित्रं जप्त करण्याचा आदेश दिला आणि दोनच महिन्यांत न्यूयॉर्कला ११८ कोटींचा भाव लागला. भाव वाढला म्हणजे समाजाने कलावंताला स्वीकारलं, असं मुळीच नसतं.

ज्यांचा विक्रम झाला नाही

गाडे यांचं नाव विक्रमांच्या बातम्यांत येत नाही. सहा संस्थापकांत त्यांचं निसर्गचित्रण कदाचित सर्वांत संयत: घरांचे कोनाकोनांनी रचलेले गठ्ठे, तापलेल्या मातीचे रंग, उतरत्या उन्हाचा पिवळा. विज्ञानाचा विद्यार्थी असल्याची खूण त्यांच्या रचनेत दिसते. पण ते लंडन-पॅरिसला स्थायिक झाले नाहीत, त्यांच्यावर वाद झाले नाहीत, मोठं परदेशी प्रदर्शन आलं नाही, ग्रंथ निघाला नाही. बाकरे लंडनहून परतून कोकणात मुरुड-हर्णैला राहिले आणि २००७ मध्ये तिथेच गेले. बी. प्रभांच्या उंच, थकलेल्या कोळिणी आणि खेड्यातल्या बाया आता लिलावात चांगल्या किमतीला जातात, तरी त्यांच्या पुरुष समकालीनांच्या जवळपासही नाही. आणि भाऊ समर्थ? लाखनीत जन्मलेले, नागपुरात राहिलेले, मराठी-हिंदी लेखकांच्या पुस्तकांना मुखपृष्ठं देणारे भाऊ बाजाराच्या हिशेबात कधी धरलेच गेले नाहीत. गुणवत्तेचा आणि बोलीचा थेट संबंध जोडणाऱ्यांनी ही चार नावं समोर ठेवावीत.

चित्रकाराचा व्यवहार कापूस उत्पादकासारखाच आहे. दिवाळीला देणी द्यायची म्हणून तो पहिल्याच हर्रासात, पडत्या भावात माल देऊन मोकळा होतो. तेजी येते तेव्हा माल दुसऱ्याच्या गोदामात असतो.

यावर कायद्यात उपाय आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५३ अ सांगतं की मूळ चित्र दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना कमाल दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. तीसेक वर्षं हे कलम पुस्तकात आहे, पण व्यवहारात चित्रकारांच्या घरात त्याचे पैसे येताना दिसत नाहीत. कोटींच्या प्रत्येक बोलीतून प्रीमियम बिनचूक वसूल होतो, तसा हा वाटाही वसूल व्हायला काय हरकत आहे?

जिल्ह्याने काय करावं

यवतमाळच्या मुलांना एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा ठाऊक असतात; पण आपल्या वऱ्हाडच्या गाडेंचं किंवा नागपुरात जन्मलेल्या गायतोंडेंचं मूळ चित्र पाहायचं तर मुंबई-दिल्ली गाठावी लागते. ११८ कोटींचं चित्र आपण आणू शकत नाही आणि आणायची गरजही नाही. गरज आहे ती आज शंभर-दोनशे रुपयांच्या रंगात काम करणाऱ्यांकडे वेळेवर पाहण्याची. जिल्हा परिषद, नगरपालिका, महाविद्यालयं, सहकारी बँका यांनी दरवर्षी दोन-तीन स्थानिक चित्रं योग्य किमतीला घ्यावीत आणि ती साहेबांच्या केबिनमध्ये न लावता लोकांना दिसतील अशी लावावीत. भाभांनी आणि एअर इंडियाने १९५० च्या दशकात केलं ते हेच.

दुसरं काम बिनपैशाचं आहे. निवृत्त कलाशिक्षक, जुने वाडे, शाळा, वाचनालयं यांच्याकडे या प्रांतातल्या चित्रकारांची कामं आहेत. त्यांचे फोटो, तारखा, मागची सही, कोणाकडून आलं याची साधी वही कलाशिक्षकांनी विद्यार्थ्यांसह करावी. रझांच्या बाबतीत खोटेपणा पकडायला ते स्वतः होते. उद्या गाडे किंवा भाऊ समर्थांच्या नावाने काही विकायला आलं तर ही वहीच साक्ष देईल. भाव मुंबई, दिल्ली आणि न्यूयॉर्कला ठरतो, आणि ते आपल्या हातात नाही. पण तो ज्या नोंदीवर उभा राहतो ती नोंद इथे करता येते, आणि चित्रकार हयात असताना केली तर तिचा उपयोग त्यालाच होतो.